उजव्या हाताचे पान

पुस्तक हाती आले की त्याचे नाव वाचण्यापूर्वी त्याची शिवण पाहायची, ही त्र्यंबकनाना गर्ग्यांची चाळीस वर्षांची सवय. जळगावच्या बस-स्थानकाबाहेर जुन्या पुस्तकांच्या हातगाडीशी ते थांबले, ते धुळ्याच्या गाडीला अजून अर्धा तास अवकाश होता म्हणून. आणि ढिगातून एक विटकरी रंगाचे सडपातळ पुस्तक त्यांच्या बोटांनी ओढून काढले, तेही शिवण ओळखीची वाटली म्हणून. आठ फर्मे. सोळा-सोळा पानांच्या आठ घड्या, एकीला खेटून एक. ‘‘बाबा, आधी चष्मा लावा,’’ गाडीवाला म्हणाला, ‘‘नाहीतर दहावीचं गाईड घेऊन जाल, आन् या वयात पुन्हा परीक्षेला बसाल.’’ नाना हसले. चष्मा लावला. मुखपृष्ठावर ‘सावद्याचा फलाट’ असे होते आणि त्याखाली देवचंद झुलाल सुरवाडे. दहा वर्षांपूर्वी, चौऱ्याऐंशी साली, हे पुस्तक धुळ्यात मगनच्या छापखान्यात झाले होते आणि त्याचे प्रत्येक पान नानांच्या नजरेखालून गेले होते. त्यांनी ते उघडले. पहिल्या पानावर, रीतीप्रमाणे, नुसते पुस्तकाचे नाव. त्यांनी ते पान उलटले. त्याची पाठ कोरी असली पाहिजे, हा नियम त्यांनीच घातलेला. ती कोरी नव्हती. निळ्या शाईने, पट्टी धरून ओढलेल्या शिरोरेषेखाली, छापल्यासारखी दिसावीत अशा कष्टाने काढलेली अक्षरे तेथे होती: ‘माझी आई भिकुबाई झुलाल सुरवाडे हिच्या हातांस, ज्यांनी केळीचे घड रेल्वेच्या वाघिणीत भरले आणि मला शाळेत घातले.’

मार्गशीर्षातले सौम्य ऊन पानावर पडले होते. मागे कोणीतरी ‘रावेर, रावेर, भुसावळ-फैजपूर-सावदा-रावेर’ असे ओरडत होते. आपण धुळ्याच्या गाडीची वाट पाहत होतो हे नानांना आठवत होते. तरी त्यांनी चौथे पान उघडले, जेथे पुस्तकाचे हक्क कोणाचे आणि लेखक कोठे राहतो हे बारीक टायपात द्यायचे असते, आणि ‘आंबेडकरनगर, सावदा’ असे वाचून ते रावेरच्या गाडीत चढले. खिडकीशी बसल्यावर त्यांना कळले की पुस्तक अजून हातातच आहे आणि हातगाडीवाल्याला काय दिले हे आठवत नाही.

मगनच्या छापखान्यात, शाईच्या डब्यांवरच्या खिळ्याला, नानांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलेली एक वही टांगलेली असे. ग्रंथ कसा सिद्ध व्हावा याचे नियम तिच्यात होते. पहिले पान नुसत्या नावाचे. शीर्षकपृष्ठावर आकडा घालू नये. प्रकरण नेहमी उजव्या हाताच्या पानावर सुरू व्हावे. अर्पणपत्रिकेला स्वतंत्र पान असावे, तेही उजव्या हाताचे, आणि तिच्या पाठीवर काहीही छापू नये. प्रस्तावनेच्या अखेरीस डावीकडे स्थळ व तिथी बारीक अक्षरात, आणि उजवीकडे प्रस्तावनाकाराचे नाव ठळक अक्षरात, एकटे, मोकळ्या जागेत. ही वही म्हणजे नानांना एक लहानसे सूत्रवाङ्मयच वाटे. वडिलांनी, मुकुंदशास्त्र्यांनी, लहानपणी पोथ्या शिकवताना सांगितले होते की ग्रंथाला देह असतो. मस्तक, बाहू, उदर, चरण. आणि ज्याला देहाची मर्यादा कळत नाही त्याने त्यातल्या आत्म्याची बडबड करू नये. मगन म्हणे, ‘‘नाना, तुमच्या वहीपुढे आम्ही आरती ओवाळायचीच काय ती बाकी ठेवली आहे.’’ म्हणे, पण पाळी. धुळ्यात, देवपुरात, अगदी जळगावातसुद्धा कोणी नवा लेखक पुस्तक काढायला निघाला की लोक त्याला सांगत, आधी गर्गेनानांना दाखव, त्यांची प्रस्तावना घे, मग छाप. आज सकाळीही ते त्यासाठीच जळगावला आले होते. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने नवे ऑफसेट यंत्र आणले होते. तेथे कोणा तरुणाच्या पुस्तकावर नानांची एकेचाळिसावी प्रस्तावना छापून होत होती. ताजे पान त्यांनी सवयीने बोटाने चाचपून पाहिले. बोटाला काही लागले नाही. काचेवरून हात फिरावा तसा तो अक्षरांवरून फिरला. ‘‘आता दाब नसतो, नाना,’’ विद्यार्थी कौतुकाने म्हणाला, ‘‘कागदाला नुसता स्पर्श.’’ मगनचे शिशाचे टाइप गेल्या वर्षीच वितळवायला गेले होते.

गाडीने भुसावळ मागे टाकले. तापीचा पूल आला. पाणी संथ होते, आणि पलीकडच्या तीरापासून केळीचे मळे सुरू झाले. इतके दाट, इतके हिरवे, की गाडीतला उजेडही क्षणभर ओला वाटला. देवचंद पहिल्यांदा देवपुरात नानांच्या घरी आला तेव्हा त्याने या मळ्यांचे नाव काढले होते. रेल्वेच्या पार्सल कचेरीत कारकून; तिशीतला, बोलताना खाली पाहणारा. नानांनी त्याला घरातल्याच कपातून चहा दिला होता. आणि ही गोष्ट पुढे आपण तीन जणांना सांगितली, हे आता दहा वर्षांनी, फैजपूरच्या अलीकडे, गाडी खड्ड्यात आदळली तेव्हा त्यांच्या ध्यानात आले. तीन का? पहिल्याला सांगितले ते बोलण्याच्या ओघात. दुसऱ्याला? तिसऱ्याला? त्यांनी पुस्तक गुडघ्यावर उलटे ठेवले.

फर्म्याची गोष्ट अशी झाली होती. सगळा मजकूर लागला, पाने मोजली, ती एकशे तीस भरली. आठ फर्म्यांत एकशे अठ्ठावीस बसतात. दोन पाने उरली. तोताराम, मगनचा जुना कंपोझिटर, पट्टीवर हात टेकून उभा होता. ‘‘नाना, बठ्ठं बसनं, पन दोन पानं वाढी ऱ्हायनात. आते काय करानं?’’ नवा फर्मा घ्यावा तर चौदा पाने कोरी जातात, आणि कोरी पाने शेवटी लोंबकळणारे पुस्तक नानांना पदर सुटलेल्या वस्त्रासारखे दिसे. एक पान सुटे छापून डिंकाने चिकटवावे, तर चिकटवलेले पान ग्रंथाच्या देहाचे नसते. वहीत तसे लिहिलेलेच होते. नानांनी पाने चाळली, आणि तांदळातला खडा काढावा इतक्या सहजपणे अर्पणपत्रिका बाजूला केली. तिचे एक पान आणि तिच्या कोऱ्या पाठीचे एक. ‘‘हे काढा. कथेला बाध येत नाही.’’ देवचंद शेजारच्या बाकावर बसला होता. त्याने हळूच विचारले, ‘‘नाना, पहिल्या पानाची पाठ कोरी आहे. तिथं टाकता येईल का?’’ ‘‘ते डाव्या हाताचे पान, सुरवाडे. डाव्या पानावर अर्पण करत नाहीत. डाव्या हाताने कोणी नैवेद्य दाखवतो का?’’ त्याने बाजूला पडलेल्या त्या पानाकडे पाहिले. मग म्हणाला, ‘‘आईला सांगून बसलोय, तुझं नाव छापून येणार म्हणून. ती रोज विचारते.’’ नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. ‘‘दुसऱ्या आवृत्तीत घेऊ.’’ तोताराम तेवढ्यात प्रस्तावनेच्या पानांवर बोट ठेवून हसत बोलला होता, ‘‘सहा पानं त तुम्हीच लई लिधात, नाना!’’ त्यावर मगन हसला, नानाही हसले. देवचंद हसला नाही. तो म्हणाला, ‘‘नाना, प्रस्तावना...’’ आणि थांबला. ‘‘काय?’’ नानांनी चष्म्यावरून पाहिले. ‘‘प्रस्तावना छान झाली आहे,’’ तो म्हणाला.

हे वाक्य त्यांनी दहा वर्षे स्तुती म्हणून जवळ ठेवले होते.

त्यांनी पुस्तक सुलटे केले आणि स्वतःची प्रस्तावना वाचायला घेतली. सहा पाने. ग्रंथारंभी चार गोष्टी सांगाव्यात असा पूर्वसूरींचा दंडक आहे, अशी सुरुवात होती: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. मग विषय म्हणजे काय याचे एक पान. प्रयोजनाचे एक. ग्रंथ वाचण्यास अधिकारी कोण, यावर सव्वा पान, त्यात तीन संस्कृत अवतरणे. देवचंदच्या कथा पाचव्या पानाच्या मध्यावर आल्या. सावद्याच्या फलाटावर दिल्लीकडे जाणाऱ्या वाघिणींत घड रचणाऱ्या बाया, त्यांच्या खांद्यावरचे केळीच्या चिकाचे न निघणारे काळे डाग, तो घामाचा आणि हिरव्या सालीचा वास, यांच्याविषयी एक परिच्छेद. आणि सहाव्या पानावर, ‘लेखकाच्या भाषेवर अजून पुरेसा संस्कार व्हावयाचा आहे.’ नाना एकेक पान बोटांच्या चिमटीत धरून पाहू लागले. हे काढले असते तर? काही बिघडत नव्हते. हे? याने तर प्रस्तावना सुधारली असती. सहांतली कोणतीही दोन. कोणतीही! इतके साधे होते. तोतारामाला दिसले होते, देवचंदला दिसले होते, मगनलाही दिसले असणार. एवढ्या वर्षांच्या प्रूफवाचनात ज्यांच्या नजरेतून एक काना सुटला नाही त्यांना ते दिसले नव्हते. की दिसले होते? तोतारामाच्या बोलण्यावर आपण हसलो, ते काय ऐकून हसलो? आणि लेखक दुसरा कोणी असता, देवपुरातल्या आपल्याच आळीतला कोणी, आणि अर्पणपत्रिका त्याच्या आईची असती, तर? खिडकीचे गज थंड लागत होते. त्यांनी कपाळ त्यांना टेकले.

सावद्याला उतरले तेव्हा दुपार कलली होती. वाटेत त्यांनी सगळे ठरवले होते. देवचंदला भेटायचे. काही न लपवता सांगायचे. दुसरी आवृत्ती काढायची. प्रस्तावना समूळ काढून टाकायची, आणि शीर्षकपृष्ठानंतर लगेच, उजव्या हाताला, स्वतंत्र पानावर आईच्या नावाची ती अर्पणपत्रिका. पाठ कोरी. ते पान त्यांना दिसतही होते. चौकात एकाने घर दाखवले: निळे दार, बाहेर तुळईखाली सायकल. दारात चाळिशीची एक बाई सूप घेऊन उभी होती.

‘‘देवचंद सुरवाडे यांचे घर हेच ना? मी धुळ्याहून आलो. त्र्यंबक गर्गे.’’

सुपातले दाणे हलायचे थांबले. ‘‘तुम्ही प्रस्तावनावाले?’’

‘‘हो.’’

‘‘मी त्यांची मिसेस. बेबा.’’ तिने पदर खांद्यावर ओढला. ‘‘ते नाहीत, नाना. दोन वर्षं झाली. कावीळ झाली होती, समजलंच नाही आम्हाला लवकर.’’ नाना उंबऱ्याबाहेर उभेच राहिले. त्यांनी पुस्तक पुढे केले, जणू तेच परत करायला आले होते. तिने ते उघडले, निळी अक्षरे पाहिली, त्यांवर तळवा ठेवला. ‘‘पाचशेच्या पाचशे प्रतींवर लिहिलं त्यांनी. पार्सल कचेरीत बसून, पट्टी घेऊन. मी म्हणायची, शिक्का करून घ्या एखादा. म्हणे, नको, हातांना लिहिलंय तर हातानंच लिहू दे.’’ मग तिने आत पाहिले आणि आवाज उतरवला. ‘‘आत या. पण आईंसमोर नाव नका सांगू तुमचं.’’

म्हणजे या घरात आपले नाव घेण्यासारखे राहिलेले नाही. नानांना ते रास्तच वाटले; किंबहुना थोडे हलकेही वाटले, कारण निदान रोग कोठे आहे हे कळले. ते वाकून आत गेले. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, तिच्याखाली देवचंदचा फोटो. चष्मा लावलेला, समोर पाहणारा. असे समोर पाहताना त्यांनी त्याला कधी पाहिले नव्हते. खाटेवर एक म्हातारी पाय पोटाशी घेऊन बसली होती, वाळलेल्या शेंगेएवढी, पण हात मात्र मोठे. इतक्या लहान देहाला इतके मोठे हात.

‘‘कोन आलं व बेबा?’’

‘‘छापखान्यातले आहेत, आई. धुळ्याचे नाना. यांनी आपलं पुस्तक छापलं होतं.’’

म्हातारीचा चेहरा उजळला. ‘‘असं! बसा ना बापा, बसा. बेबा, च्या ठेव. तुमीच छापलं काय मग माह्यं नाव?’’

नानांचे ओठ उघडले. वाटेत जुळवलेली सगळी वाक्ये तेथे आली होती, ओळीने उभी होती. अक्का, मी तुमचे नाव छापले नाही. माझ्या सहा पानांसाठी मी ते काढून टाकले. त्यांनी बेबाकडे पाहिले. ती चुलीशी न जाता तेथेच उभी होती आणि अगदी किंचित, दिसेल न दिसेल इतकी, मान हलवत होती.

‘‘आत्ता दाखोते,’’ म्हातारी म्हणाली. उशीखालून तिने पांढऱ्या फडक्यात बांधलेले पुस्तक काढले. गाठ सोडली. ‘‘मले वाचता येत नही, पन मी काही भोयी नही. देवचंदाले म्हटलं, पेनानं लिहेल मले नको. पेनानं त सावकारबी लिहे, मुकादमबी लिहे. छापेल पाहिजे. छापेल असलं का हाताले लागते, खोल जायेल असते. लागते ना?’’

‘‘लागते, अक्का.’’

‘‘त त्यानं मले दाखोलं.’’ तिला पाने मोजावी लागली नाहीत. पुस्तक आपल्या आपणच तेथे उघडले. इतक्या वेळा ते तेथे उघडले होते. प्रस्तावनेचे शेवटचे पान. तिचे बोट खाली घसरत गेले, मजकूर संपला त्याच्याही खाली, मोकळ्या जागेत, आणि उजवीकडे थांबले. ठळक अक्षरे होती. एकटी होती. ‘‘हे. तीन तुकडे हायेत का नही पहा. एक मी, एक आमच्या घरचे, एक घरान्याचं. अन् हे इकडी डावीकडी बारीक, हे गावाचं नाव.’’

त्र्यंबक मुकुंद गर्गे. शाई जागोजाग पुसट झाली होती. दहा वर्षे फिरत राहिलेल्या बोटाने पहिल्या शब्दाचा माथा जवळजवळ नेला होता. दुसऱ्याभोवती तेलकट, पिवळसर कडे पडले होते. तोतारामाने त्या दिवशी दाब जरा जास्तच दिला होता आणि त्यावरून नाना त्याला रागावले होते, हे त्यांना आठवले. नाव असे कागदात रुतवतात का रे? ते रुतलेले होते म्हणून तिच्या बोटाला लागत होते. देवचंदने हेच पान निवडले, कारण सबंध पुस्तकात एकटे, मोकळ्या जागेत, मानाने बसवलेले तीन शब्दांचे नाव दुसरे कोणाचे नव्हते. आता दुसरी आवृत्ती काढली, ऑफसेटवर, उजव्या हाताच्या स्वतंत्र पानावर, तर हे बोट त्या नावावरून काचेवरून फिरावे तसे फिरेल, आणि काही लागणार नाही, आणि म्हातारी म्हणेल, हे माझे नाव नव्हे.

‘‘तो होता तठलोंग रोज वाचून दाखवे,’’ भिकुबाई म्हणाली. ‘‘आता सून वाचते. पन ती घाईनं वाचते. तुमी त छापनारे. तुमी वाचा ना एकदा.’’

‘‘वाचा ना, नाना,’’ बेबा म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर त्यांना ते सोपे गेले असते.

नानांनी चष्मा पुसला. तो पुसून झाल्यावरही ते काही वेळ पुसत राहिले. मुंजीनंतर वडिलांनी वाचायला बसवले होते तेव्हा अशीच काठी अक्षराखाली धरली जाई आणि काठी हलल्याखेरीज पुढचा शब्द उच्चारायचा नाही असा नियम असे. म्हातारीने बोट पहिल्या शब्दाखाली धरले आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिले.

‘‘भिकुबाई,’’ नानांनी वाचले.

बोट सरकले. मुकुंदशास्त्र्यांच्या नावाखाली येऊन थांबले.

‘‘झुलाल.’’

बोट पुन्हा सरकले.

‘‘सुरवाडे.’’

‘‘अन् हे गाव?’’

डावीकडे, बारीक टायपात, धुळे, अक्षय्य तृतीया, शके १९०६ असे होते. ‘‘सावदा,’’ नाना म्हणाले.

‘‘बरोबर हाये,’’ ती समाधानाने म्हणाली. ‘‘देवचंदबी असंच वाचे. हयूहयू.’’ तिने फोटोकडे पाहिले नाही. हात मागे नेऊन नुसता भिंतीला लावला. मग फडक्याची गाठ बांधायला घेतली आणि मध्येच थांबली. ‘‘अन् बापा, तुमचं नाव कुठी हाये याच्यात? इतकं सारं तुमी छापलं.’’

‘‘माझे नाही, अक्का,’’ नाना म्हणाले. ‘‘तशी पद्धत नसते.’’

‘‘हे काय म्हन्ता!’’ भिकुबाईला खरेच वाईट वाटले. तिने आपला मोठा, खडबडीत हात त्यांच्या हातावर ठेवला. ‘‘घालून घ्यायाचं ना एखांद्या पानावर. एका नावाले असी कितीक जागा लागते?’’